आजोबांचं आयुष्य लिहून ठेवायचंय, पण सुरुवात कुठून करायची?

घरातला मोठा माणूस गेला की थोड्या दिवसांत कुणीतरी म्हणतंच, त्यांच्याबद्दल काहीतरी लिहायला हवं, आणि मग लिहायला बसलं की कागदावर येतं काय तर प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय, कुटुंबवत्सल, सगळ्यांना जीव लावणारे. यातला एकही शब्द खोटा नसतो, पण हेच शब्द दुसऱ्या कुठल्याही घरातल्या आजोबांना जसेच्या तसे चालतात. ज्या माणसाने आयुष्यभर घर सांभाळलं, मुलं मोठी केली, नातवंडांना अंगाखांद्यावर खेळवलं त्याच्याबद्दल लिहिणं सगळ्यात अवघड आहे, कारण त्याच्या नावावर पुरस्कार नसतात, पेपरात बातमी आलेली नसते, ऑफिसात फोटो लावलेला नसतो. त्याने जे केलं ते रोज केलं आणि रोजचं कुणी लिहून ठेवत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की अशा माणसाच्या आठवणी जपायच्या असतील तर मोठे प्रसंग शोधत बसू नका, त्यांची रोजची कामं आणि सवयी गोळा करा. कुणाला काय विचारायचं, फोटो आणि आवाज कसे वाचवायचे आणि शेवटी लिहायचं कसं ते खाली सविस्तर सांगते. सगळं एकट्याने करू नका आणि सगळं लगेच व्हायला हवं असंही नाही, दुःखात असताना तर अजिबात घाई नको. फक्त काही कामं थांबत नाहीत, त्यातलं सगळ्यात तातडीचं आधी घेऊ.

फोन आणि आवाज

त्यांचा फोन रिसेट करू नका, कुणाला वापरायलाही देऊ नका आणि नंबर लगेच बंद करू नका. बँकेपासून ईमेलपर्यंत सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि नंबर एकदा बंद पडला की कंपनी काही काळाने तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर डिलीट होतं. गूगलने २०२३ मध्ये नियम जाहीर केला की २ वर्षं कुणी उघडलंच नाही तर ते खातं आतल्या फोटो-मेलसकट काढून टाकलं जाऊ शकतं. म्हणजे दुःख ओसरेपर्यंत थांबलं तर काही गोष्टी हातातून गेलेल्या असतात, त्यामुळे घरातल्या ज्याला त्यातल्या त्यात धीर आहे अशा एकाकडे हे काम सोपवा. फोन उघडताना घरच्यांना सांगून उघडा, त्यात त्यांचं खाजगी असं काही असू शकतं आणि ते सगळ्यांनी वाचायलाच हवं असं नाही.

आता महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या व्हॉइस नोट फक्त त्यांच्या फोनमध्ये नसतात, त्यांनी ज्याला ज्याला पाठवल्या त्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असतात. सगळ्या नातेवाइकांना मेसेज टाका की त्यांच्याशी झालेलं चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करा आणि आमच्याकडे पाठवा. लोकांना वाटतं, "अगं त्यात काही विशेष नाही, नुसतं पोचलास का, जेवलास का असंच आहे." तेच तर हवंय! "पोचलीस का गं, पोचलीस की फोन कर" हे त्यांच्या आवाजात असलेलं वाक्य दहा वर्षांनी घरातल्या कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचं ठरतं.

अजून एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अशी माणसं बऱ्याच घरांत फोटो आणि व्हिडिओ काढणारी असतात, त्यामुळे ते स्वतः फ्रेममध्ये फार कमी सापडतात. पण व्हिडिओत कॅमेऱ्याच्या मागून आवाज त्यांचाच येत असतो, इकडे बघ, हस जरा, अरे त्याला पुढे घ्या. नातवंडांचे लहानपणीचे व्हिडिओ पुन्हा बघा, या वेळी डोळे मिटून, आणि जिथे ते बोललेत ती मिनिटं वेगळी कापून ठेवा. आणि त्यांनी काढलेले फोटोही त्यांच्याबद्दलच सांगतात बरं का, ते कुणाकडे बघत होते ते त्यात दिसतं.

घरात जुन्या ऑडिओ कॅसेट असतील तर त्या लावून बघायच्या आधी वरच्या कडेला असलेल्या दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या (टॅब) मोडून टाका, मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जात नाही. बुरशी आलेली किंवा चिकटलेली टेप स्वतः चालवू नका, ती माहितगाराकडेच द्या. डिजिटल करताना मूळ कॉपी डब्ल्यूएव्ही फॉरमॅटमध्ये (यात आवाजाचा दर्जा कमी होत नाही) ठेवा, सीडीच्या दर्जाचा एक तास साधारण ६३५ एमबी होतो म्हणजे आजच्या हिशोबात काहीच नाही, आणि सगळ्यांना पाठवायला वेगळी एमपी३ करा.

"आता ते कोण करतं?"

हा माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा आहे, बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. एक कोरी वही घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, ते जे जे करायचे ते आता कोण करतं?

पहिल्यांदा लोक दोनचार ठळक कामं सांगतात. रात्री झोपायच्या आधी सगळ्या दारांच्या कड्या बघणं, बिलं वेळेवर भरून पावत्या फाइलला लावणं, घड्याळाला चावी देणं, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवून सकाळी सकाळी फोन करणं. मग जरा वेळ गेला की बारीक बारीक यायला लागतं. शाळेच्या पेन्सिलींना टोक काढून ठेवणं, पुस्तकांना कव्हर घालणं, कुणी गावाला निघालं की गाडी सुटेपर्यंत उभं राहणं, भांडण झालं की दोघांशी वेगवेगळं बोलून येणं आणि तिसऱ्याला त्यातलं काही न सांगणं, आजींचा चष्मा शोधून देणं.

या यादीत तीन प्रकारची उत्तरं येतात. एक, ते काम आता दुसऱ्या कुणीतरी घेतलंय. कुणी घेतलं, का घेतलं, त्याला कुणी सांगितलं होतं की आपोआप अंगावर पडलं, हे विचारा, कारण आजोबांचं काय कुणात उतरलंय ते इथेच कळतं. दोन, ते काम आता कुणीच करत नाही. तेही तसंच लिहून ठेवा, त्याला गोड करू नका. आणि तिसरा प्रकार म्हणजे ते असं काही करत होते हे बाकीच्यांना माहीतच नव्हतं. हा सगळ्यात मोठा खजिना. सुनेला पहाटे ड्यूटीला निघायचं असायचं तेव्हा ते आधी उठून बाहेरचा दिवा लावून ठेवायचे, हे फक्त सुनेलाच ठाऊक असतं. एखाद्या नातवाची परीक्षेची फी त्यांनी गुपचूप भरलेली असते. माझे आजोबा घरी आलेल्या पाहुण्यांच्या चपला दाराकडे तोंड करून नीट लावून ठेवायचे, निघताना वाकून फिरवायला लागू नयेत म्हणून, आणि हे आम्हा घरच्यांना कधी दिसलंच नव्हतं, एका दूरच्या मावशींनी सांगितलं.

प्रत्येक उत्तराला खोदा. "मदत करायचे" यावर थांबू नका. कशात करायचे, कुठे बसून करायचे, तेव्हा काय बोलायचे, चिडायचे का, किती वर्षं चाललं, बंद कधी झालं? एका कामाच्या मागे अशी पाचसहा उत्तरं आली की आपोआप माणूस उभा राहतो, वेगळं वर्णन करावं लागत नाही.

कुणाशी बोलायचं, कोणत्या क्रमाने

आधी त्यांच्यापेक्षा वयाने मोठी आणि बरोबरीची माणसं गाठा. भाऊ-बहिणी, शाळेतले मित्र, पहिल्या नोकरीतले सोबती. यात दोन कारणं आहेत. एक तर उघड आहे, त्या माणसांकडेही वेळ थोडा आहे. दुसरं असं की मानसशास्त्रात एक चांगली तपासलेली गोष्ट आहे, म्हातारपणी माणसाला स्वतःच्या साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात ठसठशीत आठवतात. म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीला गेल्या वर्षीची भेट धूसर आठवेल पण दादा तरुण असताना कसा चालायचा, पहिल्या पगारात काय आणलं, कुणावर जीव होता ते लख्ख आठवेल. आणि आजोबांच्या आयुष्याचा नेमका हाच भाग नातवंडांना माहीत नसतो, त्यांच्यासाठी आजोबा जन्मतःच आजोबा असतात.

आजींशी बोलताना जपून. त्यांना समोर बसवून मोबाइल रोखून "सांगा आता" असं करू नका. त्यांच्या हातात आजोबांची एखादी वस्तू द्या, घड्याळ, पाकीट, हिशोबाची डायरी, आणि गप्प बसा. आज नको म्हणाल्या तर आज नको. त्यांना रडू आलं म्हणून लगेच विषय बदलू नका पण थांबायचं का एवढं विचारा.

प्रत्येकाशी आधी एकेकट्याने बोला, मग हवं तर सगळे एकत्र बसा. एकत्र बसल्यावर जो मोठ्याने बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होऊन जाते, आणि नंतर लोकांना खरंच वाटायला लागतं की आपणही तसंच पाहिलं होतं. मोठा काका म्हणाला ते कधी रागावले नाहीत तर धाकट्याच्या तोंडून त्याला बसलेला मार बाहेर येतच नाही. दोन भावांच्या हकिकती जुळत नसतील तर कोर्टासारखा निकाल लावू नका, दोन्ही लिहा, कुणी काय सांगितलं त्याच्या नावासकट.

"ते कसे होते?" हा प्रश्न विचारूच नका, त्याला उत्तर "खूप चांगले" एवढंच येतं. त्याऐवजी विचारा, सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे? खिशात कायम काय असायचं? कोणत्या गोष्टीवरून हमखास बोलणी खावी लागायची? त्यांना पैशाची ओढाताण असताना कुणाला कळायचं? त्यांनी कधी माफी मागितली का, आणि कशी? कोणता शब्द फक्त तेच वापरायचे? नातवंड झाल्यावर त्यांच्यात काय बदललं? हा शेवटचा प्रश्न त्यांच्या मुलांना नक्की विचारा. खूप घरांत वडील म्हणून कडक असलेला माणूस आजोबा म्हणून पाघळलेला असतो, आणि आपल्या वाट्याला आले नाहीत ते लाड आपल्या मुलांच्या वाट्याला आलेले बघताना मुलांना जे वाटलं ते बोलायची संधी त्यांना आजवर कुणी दिलेलीच नसते.

रेकॉर्डिंगचं तांत्रिक फार नाही. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा आणि टीव्ही बंद, फोन बोलणाऱ्याच्या जवळ एखाद्या मऊ कापडावर ठेवा, एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा आणि मगच सुरू करा. सुरुवातीला तारीख, कोण बोलतंय आणि आजोबांशी नातं काय ते बोलून घ्या, वीस वर्षांनी ऐकणाऱ्याला आवाजावरून ओळख पटेलच असं नाही. अमेरिकेत २००३ मध्ये स्टोरीकॉर्प्स नावाची संस्था सुरू झाली, तिथे साधी माणसं आपल्याच घरच्यांची मुलाखत घेतात आणि ती साधारण ४० मिनिटांची असते, हे माप मला योग्य वाटतं, त्यापुढे म्हातारी माणसं थकतात. आणि समोरचा गप्प झाला की तुम्हीही गप्प राहा, पुढचा प्रश्न टाकायची घाई करू नका, चांगलं वाक्य बऱ्याचदा त्या शांततेनंतरच येतं. ऐकून उतरवून काढायला मात्र वेळ धरा, एका तासाच्या बोलण्याला चार ते सहा तास सहज जातात, म्हणून तरुण मुलांमध्ये वाटून द्या.

नातवंडांचं आत्ताच लिहून घ्या

म्हातारी माणसं सोडली तर बाकी मोठ्यांच्या आठवणी पुढच्या वर्षी घेतल्या तरी चालतील पण लहान मुलांच्या नाही. मोठेपणी आपल्याला आठवणारी पहिली आठवण साधारण साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याआधीचं जवळजवळ सगळं पुसलं जातं. आणि ते मोठेपणी पुसलं जातं असंही नाही, लहानपणीच जातं. पॅट्रिशिया बाउर आणि मरिना लार्किना या संशोधकांचा २०१४ चा अभ्यास आहे, त्यात मुलांना तीन वर्षांचं असताना घडलेल्या गोष्टी नंतर विचारल्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातल्या ६० टक्क्यांहून जास्त आठवत होत्या, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जेमतेम ४० टक्के किंवा त्याहून कमी.

म्हणजे चार वर्षांची नात आज सांगते की आजोबा माझ्या बाहुलीला पण गुड नाइट म्हणायचे, ते अजून काही वर्षांनी तिला स्वतःहून आठवेलच असं नाही. तिच्या शब्दांत, तिच्या व्याकरणात, तिच्याच आवाजात ते आज रेकॉर्ड करा. चित्र काढायला सांगा आणि चित्रात काय आहे ते तिला विचारून मागे लिहा. मग अधूनमधून त्या गोष्टी तिच्याशी बोलत राहा, "मग आजोबा काय म्हणाले? तू कुठे बसली होतीस?" असं उलगडून विचारत बोललं की मुलांच्या आठवणी टिकतात.

लहान मुलांना आजोबा झोपलेत, लांब गेलेत असं सांगू नका. साधारण पाच वर्षांपर्यंत मुलांना मृत्यू म्हणजे परत न येणं हे नीट कळत नाही, त्यात आपण झोपेचा शब्द वापरला की काही मुलं स्वतः झोपायला घाबरतात. आजोबा वारले, त्यांचं शरीर काम करायचं थांबलं, ते आता परत येणार नाहीत, पण आपण त्यांच्याबद्दल हवं तेवढं बोलू शकतो. एवढं सरळ सांगा, आणि परत विचारलं तर परत सांगा, मुलं पुन्हा पुन्हा विचारतातच.

हे सगळं मुलांसाठी का करायचं असं कुणी विचारलं तर अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायव्हुश यांचं काम सांगा. त्यांनी मुलांना २० प्रश्न विचारले, आजी-आजोबा कुठे वाढले माहीत आहे का, आई-वडील कसे भेटले माहीत आहे का, घरात कुणावर वाईट वेळ आली होती ते माहीत आहे का, अशा धर्तीचे. ज्यांना घराची गोष्ट जास्त माहीत होती त्या मुलांचा आत्मविश्वास जास्त दिसला. आता यात माहितीमुळेच आत्मविश्वास येतो असं नाही, ज्या घरात माणसं एकत्र बसून बोलतात तिथे दोन्ही गोष्टी होतात, पण तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

फोटो

४ बाय ६ इंचाचा जुना प्रिंट ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, तेवढं मोठं करून छापायलाही पुरतं. मूळ कॉपी टिफ फॉरमॅटमध्ये (यात फोटोचा दर्जा कमी होत नाही), वाटायला जेपीईजी. मागची बाजूही स्कॅन करा, तारीख, स्टुडिओचा शिक्का, त्यांचं अक्षर तिथेच असतं. स्कॅन केल्यावर फाइलला आजची तारीख लागते त्यामुळे फाइलच्या नावातच खरं वर्ष घाला, १९७४_आत्याचं_घर_आजोबा_डावीकडून_दुसरे, असं लांबलचक झालं तरी चालेल.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. साधा, मेण नसलेला डेंटल फ्लॉस मागून हळूहळू करवतीसारखा फिरवला तर पुष्कळदा सुटतात, नाही सुटले तर अख्खं पान तसंच स्कॅन करा. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. ठेवताना पीव्हीसी प्लास्टिकचे पाऊच नकोत, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर प्लास्टिकचे घ्या, आणि जागा कोरडी, थंड, अंधारी.

एआयने जुना फोटो साफ करून देणारी अ‍ॅप्स आता सगळ्यांकडे आहेत. वापरा, पण हे लक्षात ठेवा की जिथे चेहरा धूसर असतो तिथे ते अ‍ॅप अंदाजाने नवीन चेहरा बनवतं. डोळे चकचकीत होतात आणि माणूस किंचित वेगळा होतो. मूळ स्कॅन कायम जवळ ठेवा आणि सुधारलेल्या फाइलच्या नावात तसं लिहा. आणि आजोबांचा आवाज एआयने तयार करून त्यांच्या तोंडी नवीन वाक्यं घालू नयेत असं मला मनापासून वाटतं. ते जे बोललेच नाहीत ते त्यांच्या आवाजात घरात फिरायला लागलं तर पुढच्या पिढीला खरं कुठलं ते कळणारच नाही.

आता लिहायला बसा

आधी एका पानावर वर्षांची पट्टी करा. जन्म, शाळा, नोकरी, लग्न, घर बदलणं, मुलांचे जन्म, निवृत्ती, प्रत्येक नातवंडाचा जन्म, आजारपण, आणि प्रत्येकासमोर त्यांचं त्या वेळचं वय. हे वय लिहिल्यावर डोळे उघडतात. वडील गेले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते आणि मागे तीन भावंडं, हे आकड्यात समोर आलं की त्यांचा काटकसरी स्वभाव वेगळाच दिसायला लागतो. तारखा आठवणीवर सोडू नका, शाळेचे दाखले, नोकरीचे कागद, पासबुकं, जुनी पत्रं काढा.

पण लिहिताना जन्मापासून सुरुवात करू नका. त्यांच्या एका साध्या दिवसापासून करा, कुठलं वय घ्यायचं ते तुम्ही ठरवा, मी म्हणेन घर भरलेलं होतं तेव्हाचं घ्या. सकाळपासून रात्रीपर्यंत ते काय करायचे ते त्या वहीतून उचला, आणि त्यातूनच मागे-पुढे जा. घड्याळाला चावी देताना ते घड्याळ कुठून आलं, शाळेत सोडताना ते स्वतः शाळा का सोडून आले होते. अशाने पूर्ण आयुष्य येतं आणि वाचणाऱ्याला सरकारी माहितीपत्रक वाचल्यासारखं वाटत नाही.

पहिला खर्डा झाला की लाल पेन घेऊन विशेषणं शोधा. "प्रेमळ" दिसलं की खोडा आणि तिथे त्यांनी काय केलं ते लिहा. "शिस्तप्रिय" होते ना, मग उशिरा आलेल्याला काय ऐकावं लागायचं ते त्यांच्याच शब्दांत लिहा. त्यांची भाषा सुधारू नका, "काय रे लेका" म्हणायचे तर तेच ठेवा.

अवघड भागाचं काय करायचं हा प्रश्न येतोच. राग, हट्ट, एखाद्या मुलाशी वर्षानुवर्षं न बोलणं, फसलेला धंदा, व्यसन. माझं म्हणणं असं की सगळं लपवलं तर घरातल्या ज्या माणसाने ते सोसलंय त्याला हे लिखाण आपलं वाटणार नाही, त्याला वाटेल आपल्याला यातून काढून टाकलं. आणि सगळं उघडं केलं तर जिवंत माणसांना त्रास. यात एकच कसोटी धरा, ज्याच्याशी ती गोष्ट घडली त्याला आधी वाचायला द्या, तो नको म्हणाला तर नको. दुरावा होता आणि नंतर मिटला असेल तर मिटला कसा तेही लिहा. मिटलाच नसेल तर मिटला असं लिहू नका.

त्यांच्या मनात काय होतं तेही गृहीत धरू नका. "त्यांनी कुटुंबासाठी आपली स्वप्नं मारली" हे वाक्य फार सहज लिहिलं जातं, पण त्यांनी तसं कधी म्हटलं होतं का? कुणाजवळ? म्हटलं असेल तर तसं लिहा. नसेल तर नोकरी सोडून ते परत आले एवढंच लिहा, वाचणारा समजून घेतो. आणि कुटुंबवत्सल माणसाबद्दल लिहिताना घरातल्या बायकांचे कष्ट त्यांच्या खात्यावर जाणार नाहीत याची काळजी घ्या. ते "घर चालवायचे" असं लिहिलंत तर नक्की काय चालवायचे ते आजींना विचारून मग लिहा.

लांबी कितीही चालेल. चार पानांचं झालं तरी ते पूर्ण आहे.

श्रद्धांजली म्हणून बोलायचं असेल तर हे सगळं वाचून दाखवू नका. तीन ते पाच मिनिटं पुरतात, म्हणजे लिहिलेले साधारण ४०० ते ५०० शब्द. एकच सवय घ्या आणि त्यातले दोन प्रसंग. मोठ्या अक्षरात छापा, घरी मोठ्याने वाचून बघा म्हणजे आवाज कुठे अडकतो ते कळेल, आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देऊन ठेवा, तुम्हाला नाही जमलं तर ती व्यक्ती पुढे वाचेल.

कॉपी कुठे ठेवायच्या

यात ३-२-१ चा नियम पाळा. तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक तरी दुसऱ्या घरात. एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. क्लाउडचा पासवर्ड एकाच माणसाला माहीत असेल तर ती कॉपी धरूच नका. लिखाण आणि निवडक फोटो आम्लरहित (लवकर पिवळा न पडणाऱ्या) कागदावर छापून प्रत्येक घरी एक प्रत द्या, कागद उघडायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. वर्षातून एकदा, त्यांच्या वाढदिवसाला म्हणा, फाइली उघडून बघा आणि वर्षभरात कुणाला काही नवीन आठवलं असेल ते त्यात घाला.

आजोबा अजून आहेत?

मग वरचं सगळं करा पण त्यांनाच विचारून. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांनी शेवटच्या आजारातल्या लोकांसाठी एक पद्धत तयार केली, डिग्निटी थेरपी म्हणतात तिला. माणसाला त्याच्या आयुष्याबद्दल विचारतात, खरंखुरं जगतोय असं तुम्हाला सगळ्यात जास्त कधी वाटलं, घरच्यांनी तुमच्याबद्दल काय लक्षात ठेवावं, कुणाला काही सांगायचं राहिलंय का, आणि ते उतरवून, नीट करून त्याच माणसाच्या हातात देतात. हे शेवटच्या आजाराची वाट न बघताही विचारता येतं. एका बैठकीत नको, रोज थोडं थोडं.

त्यांच्या हातांचे व्हिडिओ घ्या, सायकलची चेन बसवताना, दाढी करताना, सही करताना, नातवाच्या बुटाची लेस बांधताना. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट आणि गूगलमध्ये इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर (आपल्यामागे खात्यातलं कुणाला मिळावं ते आधीच ठरवून ठेवायची सोय) त्यांच्याच हाताने भरून घ्या, हे ते असतानाच करता येतं.

आणि सगळ्यात आधी जुना अल्बम घेऊन त्यांच्या शेजारी बसा. त्या ग्रुप फोटोतली माणसं डावीकडून उजवीकडे ओळखणारे आता घरात बहुतेक तेच एकटे उरलेत. रेकॉर्डिंग चालू ठेवा, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवा, नाव विचारा, नातं विचारा, आणि त्यांनी सांगितलं की लगेच मागे पेन्सिलीने लिहा, दुसऱ्या फोटोकडे जायच्या आधी.